कुवेतहून येणारा फुटबॉल

दुष्काळात आमची गुरं चारा छावणीत गेली आणि त्याच महिन्यात दादा कुवेतला गेला. घरातले आवाज एकेक करून कमी होत चालले होते. विहीर आटल्यापासून रहाट बंद होता, गोठ्यातल्या घुंगुरमाळा छावणीत गेल्या, आणि आता दादाही गेल्यावर रोज सकाळी गोठ्याच्या भिंतीवर आदळणाऱ्या फुटबॉलचा धपधप आवाजही थांबला. त्या आवाजाने भिंतीचा गिलावा उडतो म्हणून आई रोज दादाच्या नावाने ओरडायची. तो गेल्यावर आठ दिवसांनी ती त्याच भिंतीला पोतेरं देताना हात थांबवून म्हणाली, घर बहिरं झाल्यासारखं वाटतंय गं. मलाही तसंच वाटत होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ यशवंत, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. नगरच्या कॅम्पात लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात तो फिटर होता. तिथल्या जवानांबरोबर संध्याकाळी खेळून खेळून तो फुटबॉल शिकला आणि मग त्याने केडगावातही संघ उभा केला. आमच्या गावाला तोवर कुस्ती आणि हुतूतू एवढंच ठाऊक होतं. शेतकऱ्यांची बारा-तेरा पोरं अनवाणी पायांनी त्या चामडी गोळ्यामागे धावताना बघून म्हातारी माणसं हसायची. पण दोन-तीन वर्षांत कॅम्पातल्या मैदानावर दर उन्हाळ्यात भरणाऱ्या स्पर्धेत केडगावचं नाव पुकारलं जाऊ लागलं. आम्ही पहिल्याच सामन्यात हरायचो, आणि बहुतेक वेळा पुण्याहून आलेल्या संघाकडून. तरी नाव पुकारलं जायचं, हे काय कमी होतं.

दुष्काळ पडला तसं शेतात करण्यासारखं काही उरलं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि संघातली निम्मी पोरं रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात तांबड्या मिलोच्या भाकरी व्हायच्या. ते धान्य परदेशातून येतं असं ऐकलं होतं. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची, म्हणून आई हुलग्याचं पातळ माडगं करायची आणि भाकरी त्यात बुडवून आम्ही गिळायचो. अशात कारखान्यातल्या एका साहेबाच्या ओळखीने दादाला कुवेतच्या तेल कंपनीत फिटरची नोकरी मिळाली. गाव त्याला पोचवायला पुणे रस्त्यावर आलं होतं. सदाभाऊ त्याचा जिवलग मित्र. संघाची कप्तानी दादाने जाताना त्याच्याकडेच दिली होती. एसटी दिसेनाशी झाल्यावर सदाभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की यशवंत तिकडच्या गोऱ्यांबरोबर खेळून येईल, मग बघा केडगाव कुठं जातं ते. अण्णा नुसते हसले. परतताना ते मला म्हणाले की ज्या मातीत खेळायचं त्याच मातीत शिकलं पाहिजे, तिकडचं शिकलेलं इकडं कसं उगवणार. ते शेतीच्या हिशेबाने बोलत होते, पण हा वाद आमच्या घरात आणि संघात वर्षभर चालायचा होता.

परवा माझा नातू टीव्हीसमोर तावातावाने सांगत होता, की आपली पोरं युरोपातल्या क्लबांमध्ये जाऊन खेळल्याशिवाय आपला देश फुटबॉलमध्ये वर येणार नाही. त्याने कुठल्या कुठल्या लहान देशांची नावं घेतली, त्यांचे सगळे खेळाडू बाहेर खेळतात आणि मग एकत्र येऊन मोठमोठ्यांना हरवतात म्हणे. मग त्याचाच मित्र म्हणाला, हो, पण एकत्र आल्यावर त्यांना एकमेकांची सवयच नसते त्याचं काय. दोघांची जुंपली. मला त्यांनी विचारलं नाही, विचारण्याचं कारणही नव्हतं. मी पलीकडे भाजी निवडत बसले होते आणि मला वाटत होतं, हे भांडण मी ऐकलंय. आमच्या अंगणात ऐकलंय.

दादाचं पहिलं पत्र आलं ते निळ्या पातळ कागदाचं, पाकीट आणि पत्र एकच असलेलं. आईला वाचता येत नव्हतं आणि दादाचं अक्षर अण्णांना लागत नसे. मी तेव्हा मॅट्रिकच्या आधीच्या वर्षाला होते, त्यामुळे वाचन माझ्याकडे आलं. पत्राचा वरचा भाग आमच्यासाठी असायचा: प्रकृती बरी आहे, ऊन आपल्यापेक्षा जास्त आहे, एका खोलीत आठ जण राहतो. मग एक रेघ मारलेली असायची आणि रेघेखाली सगळा फुटबॉल. कंपनीचा संघ आहे, दुसऱ्या कंपन्यांचेही संघ आहेत, दर शुक्रवारी सामने होतात. आमच्या संघात दोन सुदानी आहेत, एक इराकी आहे, दोन इंग्रज आहेत. आम्ही चेंडू माणसाकडे देत नाही, माणूस जिथं पोचणार असेल तिथं देतो. सदाला सांग, चेंडू दिला की उभं राहायचं नाही, लगेच पुढं पळायचं. आणि खाली त्याने बारीक ठिपके आणि बाण काढलेले असायचे.

रविवारी कामाला सुट्टी असे, तेव्हा संघ आमच्या अंगणात यायचा. मी वाचायची. आई दाराशी बसून वरचा भाग पुन्हा पुन्हा वाचायला लावायची, जेवणात काय मिळतं ते लिहिलंय का विचारायची, आणि पोरं रेघेखालच्या भागाची वाट बघत चुळबुळ करायची. ठिपके नि बाण पोरांना कळेनात. तेव्हा मी चिंचोके आणले, अकरा मांडले, समोर अकरा खडे मांडले, आणि बाणाप्रमाणे एकेक सरकवून दाखवू लागले. ते करता करता मलाच तो खेळ उमगत गेला. रिकामी जागा म्हणजे काय, ती कशी तयार होते, एक चिंचोका हलला की समोरचे दोन खडे कसे ओढले जातात, हे मला एका दुपारी असं लख्ख दिसलं की अंगावर काटा आला. मैदान पाण्याच्या टँकरच्या थांब्याशेजारीच होतं. हंडा घेऊन रांगेत तास-दीड तास उभं राहावं लागायचं, आणि बाकीच्या बाया टँकरच्या वाटेकडे बघायच्या तेव्हा मी मैदानाकडे बघायची. मुलीने मैदानात पाऊल टाकायचं नसतं हे कुणी सांगावं लागत नव्हतं. पण बघायला बंदी नव्हती.

पहिले काही महिने पत्रातल्यासारखं काहीच जमेना. सदाभाऊ रिकाम्या जागेत चेंडू टाकायचा आणि तिथे कुणीच पोचायचं नाही. मैदान दगडासारखं कडक, चेंडू उसळून वाटेल तिकडे जायचा. पोरं चिडायची, हे परदेशी चोचले इथं चालायचे न्हाईत म्हणायची. सगळ्यात आधी जमलं ते निवृत्तीला. निवृत्ती दादाच्या जागेवर, पुढच्या ओळीत डावीकडे, खेळू लागला होता. दिवसभर खडी फोडून यायचा, बोलायचा जवळजवळ नाहीच. पण सदाभाऊने चेंडू सोडायच्या आधीच तो पळायला लागलेला असायचा. एका संध्याकाळी सलग तीनदा तो आणि चेंडू एकाच वेळी एकाच जागी पोचले आणि मैदानावरची सगळी पोरं खेळ सोडून बघत राहिली. रांगेत माझा हंडा हातातून निसटला आणि मागची बाई माझ्यावर डाफरली.

दादा सुट्टीवर आला तो स्पर्धेच्या चार दिवस आधी. त्याने आईला नायलॉनची साडी आणली, घरासाठी ट्रान्झिस्टर आणला, आणि संघासाठी खरा परदेशी फुटबॉल, इतका गुळगुळीत की पोरं आधी त्याला नुसता हात लावत होती. दादा उन्हाने रापला होता, अंगाने भरला होता, केस मागे वळवले होते. घरात पुन्हा आवाज आले, दिवसभर ट्रान्झिस्टर, माणसांची ये-जा, चहाच्या कपबशा. सदाभाऊने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं की सामन्यात डावीकडे यशवंत खेळणार. निवृत्ती दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. सदाभाऊने त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याने मान हलवली, बरं म्हणाला आणि चहा पिऊन गेला. त्याने एवढ्या सहज होकार दिला म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. वर्षभर त्या जागेवर कोण पळालं होतं ते मी रोज बघितलं होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी दादा सरावाला गेला नाही, प्रवासाने अंग आंबलंय म्हणाला. दुपारी आईने मला त्याला जेवायला बोलवायला पाठवलं. तो मागच्या वावरात होता. वावर म्हणजे नुसती भेगाळलेली जमीन. बांधाच्या कडेने तो पळत होता. मी हाक मारणार तेवढ्यात तो थांबला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि ओकला. मी पळत गेले. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. मी त्याला धरून रिकाम्या गोठ्यात आणलं, माठातलं पाणी दिलं. तो गव्हाणीवर बसला. मग खाली बघत म्हणाला,

"सुमे, मी तिथं येकदाबी खेळलो न्हाई."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, म्हणजे या महिन्यात? तो म्हणाला, वर्षभरात. कंपनीचा क्लब फक्त साहेब लोकांचा आणि वरच्या नोकरांचा होता. मजुरांच्या छावणीतल्या माणसांना आत सोडत नसत. मैदानाला तारेचं कुंपण होतं. दर शुक्रवारी तो त्या कुंपणाला धरून उन्हात उभा राहायचा आणि संपेपर्यंत बघायचा.

"मग पत्रात आमी आमी असं का लिवायचास?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"बघून आलो की रातच्याला लिवायला बसायचो. लिवताना वाटायचं, खेळूनच आलोय." त्याने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "लई याद यायची गं तुमची सगळ्यांची. खेळ लिवला की वाटायचं, तुमच्यात हाय."

मी त्याला विचारलं की निवृत्तीचं काय. त्यावर तो कुणाला सांगू नको एवढं म्हणाला. मी सांगितलं नाही. त्या रात्री आणि त्यानंतर कितीतरी वर्षं मी स्वतःला विचारलं, सांगायला हवं होतं का. सदाभाऊला एक शब्द बोलले असते तर निवृत्ती सुरुवातीपासून खेळला असता. पण तारेला धरून उभा असलेला दादा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि त्याला गावासमोर उघडं पाडणं मला शक्य नव्हतं.

सामन्याला अण्णांनी मला सायकलवर मागे बसवून कॅम्पात नेलं. त्यांनी स्वतःहून चल म्हटलं याचंच मला नवल वाटलं. समोर पुन्हा तोच पुण्याचा संघ होता, बूट घातलेला, एकसारख्या कपड्यांतला. पहिली दहा मिनिटं दादा असा खेळला की मला वाटलं, गोठ्यातलं बोलणं मी स्वप्नात ऐकलं. त्याचे पास नेमके जिथे हवे तिथे पडत होते. नुसतं बघून माणूस एवढं शिकू शकतो, हे मी त्या दहा मिनिटांत पाहिलं. मग त्याचा दम संपला. सदाभाऊ त्याच्यापुढे जागा बघून चेंडू टाकत होता आणि दादा दोन पावलं टाकून थांबत होता. पुण्यावाल्यांनी गोल केला. लोक म्हणू लागले, यशवंताला इथली सवय राहिली न्हाई, तिकडं हिरवळीवर खेळतो ना. अण्णा सायकलच्या दांडीवर हात ठेवून एकटक बघत होते.

मध्यंतराला पोरं लिंबाच्या फोडी चोखत बसली. त्या स्पर्धेत तेव्हा एक खेळाडू बदलता येत असे. आम्ही उभे होतो तिथून मला दादा दिसत होता. तो उठला, गुडघा धरून दोन पावलं लंगडला आणि सदाभाऊशी काहीतरी बोलला. मग त्याने अंगातली जर्सी काढली आणि बाजूला बसलेल्या निवृत्तीपुढे धरली. गुडघ्यात चमक आली असं त्याने सांगितल्याचं मला नंतर कळलं. त्याचा गुडघा धडधाकट होता हे मैदानावर फक्त त्याला आणि मला ठाऊक होतं.

पुढचं मला अजून दिसतं. उतरत्या उन्हात धुरळा उडतोय, सदाभाऊ चेंडू अडवतो आणि वर न बघताच डावीकडच्या मोकळ्या जागेत सोडून देतो, तिथे कुणीही नाही, आणि मग तिथे निवृत्ती आहे. अनवाणी. त्याने पहिला गोल असा केला आणि दुसराही जवळजवळ तसाच. पुण्याच्या खेळाडूंना शेवटपर्यंत कळलं नाही की हा पोरगा तिथे आधीच कसा पोचतो. आम्ही जिंकलो. पहिल्यांदा. केडगावच्या माणसांनी मैदानात धाव घेतली आणि त्यांनी खांद्यावर उचललं ते दादाला. कुवेतला जाऊन हे शिकवलं त्याने, पत्रातून शिकवलं, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. ते खोटंही नव्हतं. दादा खांद्यांवर बसून सारखा खाली उतरायचं म्हणत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. निवृत्ती त्या गर्दीच्या मागून दादाने मध्यंतराला काढून ठेवलेले बूट हातात घेऊन चालला होता. घरी येताना सायकलवर अण्णा एकच वाक्य बोलले, निवृत्ती लई पळाला. दुसऱ्या दिवशी पुढच्या सामन्यात आम्ही सरळ हरलो, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

दादा महिन्याने परत गेला. तो पुढे बावीस वर्षं तिकडेच राहिला. सुट्टीवर यायचा, भाच्यांना खेळणी आणायचा, पण मैदानाकडे पुन्हा फिरकला नाही, आणि गोठ्यातलं ते बोलणं आम्ही दोघांनी परत कधी काढलं नाही. तो गेला त्यालाही आता खूप वर्षं झाली. मला अजून कधीतरी वाटतं, त्या दिवशी मी त्याच्यावर आवाज चढवला नसता तर. त्याने एवढ्या लांबून आमच्यात येऊन बसायची एक वाट शोधली होती, आणि ती माझ्यासमोर उघडी पडल्यावर त्याला पुन्हा त्या वाटेने येता येईना.

कारण त्या सुट्टीनंतर तो कुवेतला परत गेल्यावर जे पहिलं पत्र आलं त्यात रेघ नव्हती. सगळं पत्रभर तो जेवणाबद्दल लिहीत होता. खुबूस नावाची मोठी रोटी, डाळ, खजूर, शुक्रवारी मासा. आई इतकी खूश झाली की तिने ते तीनदा वाचून घेतलं. रविवारी संघ आला. तोवर दोन सरी पडून गेल्या होत्या, पोरं ओल्या अंगणात पोती टाकून बसली. मी वाचलं. खजूर आला, मासा आला, पत्र संपलं. सदाभाऊ म्हणाला, खालचं वाच की आता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्या निळ्या कागदाकडे बघितलं आणि थांबले नाही. मी वाचत गेले. सदाला सांग, तू चेंडू फार वेळ धरतोस, त्यात समोरचे सावध होतात. बॅकच्या पोरांना सांग, सगळे एकदम पुढं येऊ नका. निवृत्तीला सांग, उजव्या पायावर भार द्यायला भिऊ नकोस, चेंडू येण्याआधीच तू अंग वळवतोस आणि पाऊल उशिरा पडतं. माझा आवाज सरळ होता. रांगेत उभं राहून आठवडाभर बघितलेलं सगळं बाहेर येत होतं. पोरांनी माना डोलावल्या. सदाभाऊ म्हणाला की इतक्या लांबून त्याला कसं कळतं कोण जाणे.

सगळे उठून गेले. निवृत्ती मागे राहिला. त्याने पोतं उचललं, झटकलं, नीट घडी करून ओट्यावर ठेवलं. मग तो आपल्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याला चिंधी बांधलेली होती.

"खडी फोडताना मंगळवारी ठेचला," तो म्हणाला. "कुवेतहून पत्र यायला किती दिस लागत्यात?"

मी कागदाची घडी घालत राहिले. बारा-तेरा दिवस लागायचे, ते त्यालाही ठाऊक होतं. माझे कान तापले होते. मला वाटलं, आता हा सदाभाऊला सांगणार, आणि उद्यापासून टँकरच्या रांगेत उभं राहणंही मला मुश्कील होणार.

निवृत्ती पायरी उतरला, चिंधीचा पाय जपून टेकवत. फाटकाशी थांबून तो माझ्याकडे न बघताच म्हणाला,

"पुढच्या रविवारी पत्र आलं न्हाई, तरी आमी यीऊ. तू वाच."